आईवडिलांच्या घरात कम्प्युटर बनवणारा कोनराड झुसे आणि ०.१ चा न सुटणारा घोळ

०.१ आणि ०.२ यांची बेरीज किती, असं चौथीतल्या पोराला विचारलं तरी तो सांगेल, ०.३. हाच प्रश्न कम्प्युटरला विचारला, तर बहुतेक प्रोग्रॅमिंग लँग्वेजमध्ये उत्तर येतं ०.३००००००००००००००००४.

नव्यानं कोडिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर कधी ना कधी दिसतं. आधी वाटतं आपलं काहीतरी चुकलं, मग वाटतं मशीन बिघडलं. खरं तर दोन्ही नाही. मशीन ठरवून दिल्याप्रमाणेच वागत असतं.

आकडे असे साठवायचे, हे पहिल्यांदा चालत्या कम्प्युटरमध्ये करून दाखवणारा माणूस होता बर्लिनचा एक सिव्हिल इंजिनिअर. त्याचं नाव कोनराड झुसे. त्यानं अपूर्णांक साठवण्यासाठी जी तडजोड केली, तीच तडजोड आज प्रत्येक मोबाईलमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि डेटाबेसमध्ये आहे. ती कळली नाही, तर पैशांच्या हिशोबापासून क्षेपणास्त्रापर्यंत काहीही चुकू शकतं.

हिशोबाचा कंटाळा आला म्हणून

झुसेचा जन्म २२ जून १९१० चा, बर्लिनमधला. वडील पोस्टखात्यात नोकरीला. तो दोन वर्षांचा असताना घरच्यांनी पूर्व प्रशियातल्या ब्राउन्सबर्गला मुक्काम हलवला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. पुढचं शालेय शिक्षण झालं होयर्सवेर्डामध्ये.

पोराला चित्रकलेचा भारी नाद होता. बर्लिनच्या टेक्निकल कॉलेजात त्यानं आधी मेकॅनिकल, मग आर्किटेक्चर असं करत करत शेवटी सिव्हिल इंजिनिअरिंग धरलं. १९३५ मध्ये तो पास झाला.

सिव्हिल इंजिनिअरिंग म्हटलं की आकडेमोड आलीच. एखाद्या छपराच्या सांगाड्यावर किती भार येईल हे काढायचं, तर एकात एक अडकलेली कितीतरी समीकरणं हातानं सोडवावी लागायची. प्रत्येक पायरी तीच, फक्त आकडे वेगळे. पास झाल्यावर त्याला हेन्शेल या विमान कंपनीत नोकरी लागली. तिथंही पंखांवर येणाऱ्या ताणाचा हिशोब पाचवीला पुजलेलाच.

जे काम दरवेळी एकाच पद्धतीनं करायचंय, ते माणसानं कशाला करायचं, यंत्रानं का नाही, या विचारानं त्याला झपाटलं. १९३६ मध्ये त्यानं चांगली नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरात यंत्र बनवायला बसला.

त्या काळात हा निर्णय वेडेपणाचाच होता. पण घरचे पाठीशी उभे राहिले. आईवडिलांनी आणि बहिणीनं पैसे दिले, कॉलेजच्या मित्रांनी वर्गणी काढली, काही जण संध्याकाळी येऊन कामाला हातभार लावायचे. पत्र्याच्या पट्ट्या करवतीनं कापून त्यांनी हजारो भाग तयार केले. हळूहळू यंत्रानं घरातली मोठी खोली व्यापून टाकली.

१९३८ मध्ये हे यंत्र उभं राहिलं. नाव झेड-१.

बिंदू एका जागी का ठेवला नाही?

झेड-१ ची खरी गंमत त्याच्या आकड्यांमध्ये होती.

तेव्हाची गणनयंत्रं दशमान पद्धतीनं, म्हणजे ० ते ९ या अंकांनी चालायची. झुसेनं फक्त दोन अंक घेतले, ० आणि १. पत्र्याची पट्टी एकतर या बाजूला, नाहीतर त्या बाजूला. बनवायला सोपं.

पुढचा प्रश्न अवघड होता. इंजिनिअरला लागणारे आकडे फार वेगवेगळ्या मापाचे असतात. पोलादाचा लवचिकपणा सांगणारा आकडा अब्जांमध्ये जातो, तर गरम झाल्यावर तेच पोलाद किती प्रसरण पावतं हे सांगणारा आकडा दशांश चिन्हानंतर चार शून्यं घेऊन येतो. दोन्ही आकडे एकाच गणितात लागतात.

दशांश चिन्ह एका ठरावीक जागी ठेवलं, की एकतर मोठा आकडा मावत नाही, नाहीतर बारका आकडा शून्य होऊन बसतो.

यावरचं उत्तर शाळेतल्या केमिस्ट्रीत सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. एवढा प्रचंड आकडा दोन भागांत मावतो. एक भाग सांगतो मुख्य अंक कोणते, दुसरा भाग सांगतो दशांश चिन्ह किती घरं सरकवायचं. चिन्ह सरकतं, म्हणून या पद्धतीला म्हणतात फ्लोटिंग पॉइंट.

यंत्रात आकडे असे ठेवता येतील, हे स्पेनचा इंजिनिअर लिओनार्दो तोरेस केवेदो यानं १९१४ मध्ये लिहून ठेवलं होतं. पण झुसेनं ते दोन अंकांच्या पद्धतीत, चालत्या यंत्रात बसवलं.

त्यानं एका आकड्याला २२ बिट दिले. बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायचं एक घर. त्यातलं १ घर अधिक-उणे चिन्हाला, ७ घरं घातांकाला आणि १४ घरं मुख्य अंकांना.

वर त्यानं आणखी एक युक्ती केली. दोन अंकांच्या पद्धतीत, शून्य सोडून कुठलाही आकडा असा मांडता येतो की त्याचा पहिला अंक १ च येईल. मग जो अंक कायम १ असणार आहे, तो साठवायचाच कशाला? झुसेनं तो साठवला नाही, नुसता गृहीत धरला. एक घर फुकटात वाचलं.

तडजोड नेमकी काय होती?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि तो समजायला अवघड नाही.

२२ घरांत ० आणि १ भरायचे, तर जास्तीत जास्त सुमारे ४२ लाख वेगवेगळ्या जोडण्या होतात. म्हणजे यंत्राला फक्त ४२ लाख आकडे माहीत असू शकतात. साधी पूर्ण संख्या साठवली, तर हे ४२ लाख आकडे शून्यापासून एकामागून एक ओळीनं येतील. पण तिथंच संपतील.

फ्लोटिंग पॉइंटमध्येही आकडे तेवढेच. फक्त ते वेगळ्या तऱ्हेनं पसरलेले असतात. शून्याजवळ दाट, लांब जावं तसे विरळ. त्यामुळे झुसेचं यंत्र एकावर अठरा शून्यं एवढ्या मोठ्या आकड्यापर्यंत पोचायचं आणि अगदी बारीक अपूर्णांकही धरायचं. किंमत एवढीच की मधले असंख्य आकडे त्याला माहीतच नसायचे. तसा आकडा आला, की यंत्र त्याच्या शेजारचा आकडा धरायचं.

सोनाराच्या काट्यावर गुंजेचा फरक कळतो. ट्रकच्या वजनकाट्यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे झाले तरी चालतं, कारण ट्रकच्या वजनापुढे ते काहीच नाही. फ्लोटिंग पॉइंट म्हणजे हे दोन्ही काटे एकाच यंत्रात. जेवढं वजन मोठं, तेवढी चूक मोठी चालणार.

झुसेच्या यंत्रात साधारण चार दशांश अंकांची अचूकता मिळायची. विमानाच्या पंखासाठी ती पुरेशी होती, कारण पंखाची मापंच मुळात त्याहून अचूक घेतलेली नसायची. इंजिनिअरनं इंजिनिअरसाठी केलेला हा सौदा होता.

आता ०.१ घ्या. दशमान पद्धतीत १ ला ३ नं भागलं की ०.३३३३ असं कधीच न संपणारं उत्तर येतं. दोन अंकांच्या पद्धतीत १ ला १० नं भागलं की तसंच होतं, ००११ ००११ अशी रांग लागते आणि ती संपत नाही. घरं मोजकी असल्यानं रांग कुठंतरी तोडावी लागते. झुसेच्या १४ घरांत ०.१ च्या सगळ्यात जवळ जाणारा आकडा भरतो सुमारे ०.०९९९९८४७. आजच्या ६४ बिटांत तो असतो सुमारे ०.१०००००००००००००००००५५. चूक खूप लहान झाली, पण गेली नाही.

युद्ध, बॉम्ब आणि एक ट्रकभर यंत्र

झेड-१ कागदावर हुशार होतं, पण पत्र्याच्या पट्ट्या सतत अडकायच्या. झुसेचा मित्र हेल्मुट श्रायर यानं टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणि पुढं जाऊन व्हॅक्यूम ट्यूब वापरायचं सुचवलं. झेड-२ मध्ये रिले वापरून पाहिले आणि मग आलं झेड-३.

१२ मे १९४१ ला बर्लिनमध्ये झुसेनं झेड-३ शास्त्रज्ञांपुढं चालवून दाखवलं. दोन हजारांहून जास्त रिले, ६४ आकड्यांची मेमरी, सूचना द्यायला भोकं पाडलेली सिनेमाची फिल्म. एका गुणाकाराला तीनेक सेकंद लागायचे. आज जगातला पहिला चालता, प्रोग्रॅमनं चालणारा, पूर्ण स्वयंचलित कम्प्युटर म्हणून याच यंत्राकडं पाहिलं जातं.

झेड-३ ला आणखी एक गोष्ट यायची. शून्य आणि अनंत या दोन्हींसाठी त्यात वेगळी खूण होती. शून्याला शून्यानं भागण्यासारखं अर्थ नसलेलं गणित दिलं, तर यंत्र खोटं उत्तर द्यायचं नाही. दिवा लावून अडचण सांगायचं.

पण हे सगळं घडत होतं हिटलरच्या जर्मनीत. झुसे नाझी पक्षाचा सभासद नव्हता, पण त्याची रोजीरोटी विमान उद्योगावर होती. हेन्शेल कंपनी एचएस-२९३ नावाचा रेडिओनं चालणारा बॉम्ब बनवत होती. त्या बॉम्बचे पंख कारखान्यात अगदी मापात बनायचे नाहीत. मापातला फरक मोजून दुरुस्ती किती करायची, हे काढायला झुसेनं खास यंत्रं बनवून दिली. आपल्या कामाचा कशासाठी वापर होतोय हे त्याला माहीत होतं. तंत्रज्ञाला बहुतेक वेळा संशयास्पद हेतूंसाठी राबावं लागतं, नाहीतर काम सोडावं लागतं, अशा अर्थाचं त्यानं पुढं आयुष्यात मांडलं. त्यानं त्या वेळी काम सोडलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

दुसरीकडं श्रायरनं ट्यूबवर चालणाऱ्या वेगवान यंत्रासाठी सरकारकडं पैसे मागितले, तेव्हा युद्धाच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं नाही असं सांगून त्याला परत पाठवण्यात आलं.

१९४३ च्या शेवटी बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यात झेड-३ नष्ट झालं. झेड-१ सुद्धा युद्धातच गेलं. हातात उरलं फक्त अर्धवट झेड-४.

१९४५ च्या सुरुवातीला, बर्लिन पडायच्या आत, हे यंत्र गाडीत भरून आधी ग्योटिंगेनला आणि मग दक्षिणेला बव्हेरियाच्या डोंगरातल्या खेड्यात नेण्यात आलं. त्याच वर्षी जानेवारीत झुसेचं गिझेलाशी लग्न झालं होतं. युद्ध संपलं, देश उद्ध्वस्त झाला, यंत्र बनवायला सामान नाही. या रिकाम्या वेळात त्यानं प्लानकाल्क्यूल नावाची प्रोग्रॅमिंग लँग्वेज लिहून काढली. ती संपूर्ण छापून यायला १९७२ साल उजाडलं.

एका समीकरणावर मिळालेलं गिऱ्हाईक

१९४९ मध्ये झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक एडुआर्ड श्टीफेल त्याच्याकडं आले. त्यांनी एक समीकरण सांगितलं. झुसेनं तिथल्या तिथं त्याचा प्रोग्रॅम बनवून झेड-४ वर उत्तर काढून दाखवलं. श्टीफेलनी यंत्र भाड्यानं घ्यायचं ठरवलं.

१९५० मध्ये झेड-४ झुरिचला पोचलं आणि पाच वर्षं तिथं चाललं. यात एका आकड्याला ३२ बिट होते, म्हणजे अचूकता वाढली होती. स्वित्झर्लंडमधल्या धरणांची आणि विमानांची गणितं या यंत्रावर झाली.

गंमत म्हणजे त्याच काळात अमेरिकेत वारं उलट्या दिशेनं वाहत होतं. १९४६ च्या एका गाजलेल्या अहवालात जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोटिंग पॉइंटची सोय यंत्रात देऊ नये असं मत मांडलं. चांगल्या गणितज्ञानं आकड्यांचं माप स्वतः सांभाळावं, त्यासाठी महागडी मेमरी खर्च करू नये, असा तो विचार. पण प्रत्येक गणितात दशांश चिन्ह हातानं सांभाळणं जिकिरीचं होतं. १९५४ मध्ये आयबीएमनं ७०४ या कम्प्युटरमध्ये फ्लोटिंग पॉइंट थेट यंत्रातच दिला आणि चित्र पालटलं.

झुसेनं १९४९ मध्ये स्वतःची कंपनी काढली होती. तिनं एकूण २५१ कम्प्युटर बनवले. पण नवं मॉडेल काढायला लागणारा पैसा उभा राहिना. १९६४ मध्ये कंपनी हातातून निघाली आणि पुढं सीमेन्समध्ये विलीन झाली.

त्याहून मोठा फटका बसला पेटंटचा. झेड-३ च्या वेळी, १९४१ मध्ये केलेला अर्ज वर्षानुवर्षं कोर्टात रखडला. १९६७ मध्ये निकाल लागला, तो विरोधात. यंत्र नवं आहे हे मान्य, पण त्यात पेटंट देण्याइतकी शोधाची उंची नाही, असं कोर्टानं ठरवलं.

सगळ्यांचा आकडा एक झाला

१९७० च्या दशकापर्यंत प्रत्येक कंपनीचं फ्लोटिंग पॉइंट वेगळं होतं. एकच प्रोग्रॅम दोन कंपन्यांच्या मशीनवर चालवला तर उत्तरं वेगळी यायची.

१९८५ मध्ये गणितज्ञ विल्यम काहान यांच्या पुढाकारानं आयईईई ७५४ हे स्टँडर्ड आलं. ६४ बिटांत १ चिन्हाला, ११ घातांकाला, ५२ मुख्य अंकांना. पहिला १ गृहीत धरायचा. अनंतासाठी वेगळी खूण, अर्थहीन गणितासाठी वेगळी खूण.

यादी ओळखीची वाटते ना? झेड-३ मध्ये हेच होतं. याला थेट वारसा म्हणता येणार नाही. पण तेच प्रश्न समोर आल्यावर पुढच्या लोकांना तीच उत्तरं सापडली.

मग डेटाबेसमध्ये घोळ कुठं होतो?

झुसेचा सौदा मोजमापासाठी होता. तोच आकडा हिशोबाच्या वहीत ठेवला, की गडबड सुरू होते.

समजा एका डेटाबेसमध्ये रकमेचा कॉलम चार बाइटच्या फ्लोट प्रकारचा केला. त्यात १,६७,७७,२१७ रुपये लिहिले, तर साठतात १,६७,७७,२१६. एक रुपया गायब. चोरी नाही, व्हायरस नाही. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ फ्लोटला फक्त सम संख्याच माहीत असतात.

आठ बाइटचा डबल घेतला तर एवढ्या रकमेला काही होत नाही, पण पैशांचे अपूर्णांक तरीही जवळपासचेच राहतात. ०.१ दहा वेळा मिळवलं तर उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. मग बाकी शून्य आहे का, असं विचारलं की डेटाबेस म्हणतो, नाही.

यावर उपाय साधे आहेत.

पैशांसाठी डेसिमल किंवा न्यूमेरिक प्रकार वापरायचा. यात आकडा दशमान अंकांतच साठतो, त्यामुळे ०.१ म्हणजे ०.१ च राहतो. किंवा रुपये न ठेवता पैसे पूर्ण संख्येत ठेवायचे, म्हणजे १०.५० च्या जागी १०५०.

तापमान, अंतर, सेन्सरची मापं यांच्यासाठी डबल चांगला. मोजणाऱ्या यंत्रातच जेवढी चूक असते, त्यापुढं डबलची चूक नगण्य.

फ्लोटिंग पॉइंटचे दोन आकडे तंतोतंत सारखे आहेत का, असं तपासायचं नाही. फरक ठरावीक मर्यादेत आहे का, ते पाहायचं.

आणि डबलचा आकडा मजकुरात काढून पुन्हा डेटाबेसमध्ये भरायचा असेल, तर १७ महत्त्वाचे अंक जपायचे. पंधरावर तोडलं, तर परत आलेला आकडा आधीचाच असेल याची खात्री नाही.

ही काळजी घेतली नाही तर काय होतं, ते २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये दिसलं. अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायची. तो ०.१ तिच्यात २४ बिटांत तोडून ठेवला होता. तिथं बिंदू सरकता नव्हता, पण अडचण तीच, ०.१ दोन अंकांच्या पद्धतीत पूर्ण मावत नाही. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिली आणि घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढं जातं. पॅट्रियटनं चुकीच्या जागी शोध घेतला, स्कड बराकीवर पडलं आणि २८ सैनिक मेले.

म्हातारपणी पुन्हा झेड-१

कंपनी गेल्यावर झुसे पुन्हा चित्रांकडं वळला. तैलरंगातली बरीच चित्रं त्यानं काढली. साठच्या दशकात त्याच्याच देखरेखीखाली झेड-३ ची प्रतिकृती बनली, ती म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. मूळ झेड-४ सुद्धा तिथंच पाहायला मिळतं.

पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यानं झेड-१ पुन्हा बनवायला घेतलं. मूळ यंत्र आणि आराखडे युद्धात गेले होते, त्यामुळे बरंच काही आठवून नव्यानं काढावं लागलं. १९८९ मध्ये ते पूर्ण झालं. बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात ते ठेवलंय. पत्र्याच्या पट्ट्या या वेळीही अधूनमधून अडकायच्याच.

१८ डिसेंबर १९९५ ला ह्युनफेल्ड गावी कोनराड झुसे वारला. वय ८५.

पेटंट त्याला मिळालं नाही, कंपनी टिकली नाही. पण एक चिन्ह, एक घातांक, थोडे मुख्य अंक आणि न साठवलेला पहिला १, ही मांडणी आज प्रत्येक प्रोसेसरमध्ये चालते. ती बनली होती पंखांवरचा ताण मोजायला. त्यामुळे डेटाबेसमध्ये नवा कॉलम करताना एवढाच प्रश्न विचारायचा असतो, यात मोजलेला आकडा येणार आहे की मोजून दिलेला पैसा?